तहकूब सभा

"नाथाजीराव, हे वाचा. तुमच्याशी संबंध आहे," असं म्हणून गोपाळकृष्णांनी पेपर माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. सकाळच्या वेळी वाचनालयाच्या लांब टेबलाला आम्ही दोघंच असतो. ते इंग्रजी पेपर वाचतात, मी मराठी, आणि मला अडलं की ते सांगतात. मी बोट ठेवून वाचायला लागलो. अक्षरओळख झाली तेव्हा माझी साठी जवळ आली होती, त्यामुळं बोट उचललं की ओळ हलते. मथळा तेवढा एका दमात वाचला. लष्करी उपग्रहाच्या खर्चाची बैठक गणपूर्तीअभावी झालीच नव्हती. यातला 'अभावी' मला लगेच ओळखू आला. साक्षरतेच्या वर्गात तो शिकवला नव्हता. गावच्या सोसायटीच्या फळ्यावर दर वर्षी खडूनं लिहिलेलं असायचं, कोरमअभावी सभा तहकूब. वर्गातून परत येताना मी तो फळा लावून लावून वाचत उभा राहायचो आणि चेअरमनला वाटायचं, म्हातारा भांडण काढायला आलाय.

खालची बारीक अक्षरं मात्र मला झेपेनात. गोपाळकृष्णांनीच सांगितलं. ते वाईचे, आयुष्य कॉलेजच्या ऑफिसात गेलेलं, बोलताना घाई करत नाहीत. लष्करासाठी आकाशात एक उपग्रह सोडायचा होता. डोंगर, बर्फ, सरहद्द, सगळं वरून बघणारा. त्याचा खर्च गुप्त, म्हणून भर लोकसभेत त्यावर बोलायचं नाही. खासदारांची एक छोटी समिती बंद खोलीत बसून तो तपासणार, चार प्रश्न विचारणार, आणि तिनं हो म्हटलं की पैसा सुटणार. असा रिवाज. समितीची शेवटची बैठक मार्चअखेरीस ठेवली होती. एक माणूस कमी पडला. बैठक झाली नाही, मार्च संपला, पैसा परत गेला. पुढच्या वर्षी भाव वाढले, मग निवडणुका आल्या, नवी समिती आली, तिला सगळं पहिल्यापासून तपासायचं होतं. आता लढाई होऊन गेल्यावर पेपरवाले ते उकरून काढत होते.

"मग अर्ध्या तासानं भरली न्हाई का?" मी विचारलं.

"काय?"

"तहकूब सभा. अर्ध्या तासानं त्याच जागी भरती की. तिला कोरम लागत न्हाई."

गोपाळकृष्ण हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अहो, तो तुमच्या सोसायटीचा नियम. दिल्लीत तसं नसतं."

मला ते खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडं सोसायटी असो, कारखाना असो, पाणीपुरवठा असो, पहिल्या हाकेला कुणी येतच नाही. सगळे बाहेर झाडाखाली तंबाखू मळत बसतात. चेअरमन सभा तहकूब करतो, आणि अर्ध्या तासानं जे पाच-सहाजण असतील तेवढ्यांत सगळं मंजूर होतं. म्हणून कुणाच्या न येण्यानं काही अडतं, हे आमच्या डोक्यात कधी शिरलेलंच नाही. न येणं हा आमच्याकडं गुन्हा नाही. निमंत्रणाचा नारळ हातात घेऊन मग न येणं हा गुन्हा आहे.

"कुठल्या सालची ही बैठक?" मी विचारलं.

त्यांनी पेपर पुन्हा जवळ घेतला. "त्र्याण्णव. किल्लारीचा भूकंप झाला ते वर्ष. त्याआधीचा मार्च."

माझं बोट कागदावरच राहिलं. त्या वर्षी चैत्र लवकर आला होता. आमच्या भैरोबाची यात्रा चैत्रातल्या अष्टमीची. ती कधी एप्रिलात येते, कधी मार्चात. त्या वर्षी मार्चअखेरीला आली आणि गावातल्या शिक्षकांची, बँकवाल्यांची पंचाईत झाली होती, कारण त्यांना मार्चअखेरची रजा मिळेना. गाव त्यांना हसत होतं. देवाला काय मार्च आणि काय एप्रिल.

मी पेपरची घडी घातली. गोपाळकृष्ण म्हणाले, "बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" मी न्हाई म्हटलं आणि काठी घेऊन उठलो. बाहेर थंडी होती. अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं होतं, पण खाली रस्त्यावर अजून सावली होती आणि शाळेच्या रिक्षा भरून चालल्या होत्या. लेकीचं घर वाचनालयापासून लांब नाही, तरी मला वाट सापडेनाशी झाली. म्हणजे पाय जात होते, पण मी तिथं नव्हतो. मी आमच्या गावच्या मैदानात उभा होतो, कुंडलच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला, आणि हलगी वाजत होती.

शिवतेजचा दिवस होता तो. भरती होऊन तो पहिल्यांदाच सुट्टीवर आला होता. डोकं बारीक भादरलेलं, चालणं बदललेलं, आणि बोलण्यात मधेच हिंदी. आईवेगळं पोर, माझ्या उतारवयात झालेलं. तालमीत वाढवलं मी त्याला. त्या वर्षी शेवटची, मानाची कुस्ती त्याची लागली होती, आष्ट्याच्या एका दांडग्या गड्याशी. तो गडी गुंडा नावाचा, मान बैलासारखी. गावात दोन दिवस तेच चाललं होतं की फौजेत भाकरीऐवजी पाव खाऊन आलेलं पोर याच्यापुढं काय टिकणार. आणि मानाची कुस्ती खासदारांच्या हातानं लावायची, असं यात्रा कमिटीनं ठरवलेलं. आकाराम कमिटीचा म्होरक्या, तो चारचौघं घेऊन सांगलीला त्यांच्या बंगल्यावर जाऊन मानाचा नारळ देऊन आला होता. नारळ हातात घेतला की पाहुण्याला यावं लागतं, आजारी असला तरी. नारळ घेऊन न आलेल्या माणसाचं नाव आमच्याकडं दोन पिढ्या काढतात. पाहुण्यानं दोन्ही गड्यांचे हात हातात घेऊन एकमेकांत दिले की मगच कुस्ती सुरू. त्याशिवाय हलगीवाला कुस्तीचा ठेका धरत नाही.

खासदार आले ते ऊन कलल्यावर. धुरळा उडवत तीन गाड्या आल्या. फेटा बांधला, तुतारी झाली. माइक हातात घेतला त्यांनी. ते शब्द मला अजून पाठ आहेत, कारण पुढं वर्षभर गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते म्हणत होतं. "मंडळी, आज दिल्लीत माझी लय मोठी मीटिंग होती. मिलिटरीसाठी आभाळात यंत्र सोडायचंय, त्याच्या पैशाची मीटिंग. फोनवर फोन आले, साहेब या, तुमच्यावाचून अडलंय. मी म्हटलं, यंत्र काय, आज न्हाई उद्या उडंल. पण माझ्या माणसांनी नारळ दिलाय!" असा काही आवाज उठला की ओढ्यापलीकडची कावळ्यांची शाळा उठून गेली. फेटे उडाले. मी उडवला का? मला आठवत नाही. उडवलाच असेल. सगळे उडवत असताना कोण धरून बसतो. पोराची कुस्ती लावायला माणूस दिल्ली सोडून आला, म्हणून माझ्या बाजूच्यानं मला मिठी मारली होती एवढं आठवतं.

मग त्यांनी खाली उतरून, धोतर सावरत, चपला काढून, मातीत येऊन शिवतेजचा हात धरला. गुंडाचा धरला. एकमेकांत दिले. दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली. पहिल्यांदा गुंडानं त्याला असा रेटला की मी काठीवर पुढं झुकलो. मग शिवतेज खाली गेला, गुंडाच्या पायात शिरला, आणि मला कळायच्या आत तो बैलासारखा गडी आभाळाकडं बघत पडला होता. चितपट. पोरांनी शिवतेजला खांद्यावर घेतलं. त्याच्या कपाळाला माती, दात पांढरे, आणि तो गर्दीत मला शोधत होता. मी काठी वर केली. दिसलो मी त्याला. माझ्याकडं त्याचं बाकी सगळं तुकड्यातुकड्यांत आहे. हा एक दिवस तेवढा सकाळपासून रात्रीपर्यंत सलग आहे. गेले सहा महिने मी त्या दिवसावर जगतोय. लेक म्हणते, आबा, एकटेच का हसता? मी सांगत नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला होता, "आबा, बघितलं का? माझ्या कुस्तीसाठी दिल्ली थांबली." आणि स्वतःच इतका हसला की घास नाकात गेला. पाठीवर थापा मारायला लागल्या.

यंदाच्या पावसाळ्यात त्याला आणलं. बरोबर एक सुभेदार आले होते, आपल्याच रहिमतपूरकडचे. लोकांची गर्दी, फुलं, मंत्री, घोषणा, सगळं उरकल्यावर सुभेदार माझ्याजवळ गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. चहा घेईनात. मी म्हटलं, कसं झालं ते सांगा. ते म्हणाले, "काका, ते लोक थंडीतच येऊन वर बसले होते. पक्की मोर्चाबंदी करून. आमाला पत्ताच न्हाई. थोडी मानसं असतील म्हणून आमी चढलो. निम्म्यावर गेल्यावर कळलं, वर किती हायत ते. शिवतेज फुडं होता." मी विचारलं, आधी कसं कळलं न्हाई? त्यांनी बैलापुढं वैरण सरकवली. म्हणाले, "वरनं बघणारं कायबी नव्हतं, काका." तेव्हा मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. वाटलं, डोंगराच्या वर काय असणार. देव.

घरी आलो तर शिवांजली पोळ्या लाटत होती. लेक माझी साताऱ्यात शिक्षिका आहे, दुपारची शाळा. "आबा, आज लौकर?" एवढंच म्हणाली. मी खुर्चीत बसलो. तिला सांगावं की नाही कळेना. तिलाही तो दिवस आहे. ती तेव्हा माडीवरून बघत होती, बायका मैदानात येत नाहीत म्हणून. तिचा दिवस तरी कशाला नासवा. पण माझ्या तोंडावरून तिनं ओळखलं आणि पोळपाट बाजूला ठेवून विचारलं, तेव्हा मी सांगितलं. तव्यावरची पोळी जळाली.

"आबा, यंत्र वर असतं तरी दिसलंच असतं असं कुठं आहे? ढग असतात, बर्फ असतं."

"व्हय."

"आणि एका बैठकीनं का सगळं राहिलं? पुढं सहा वर्षं होती. इतर माणसं होती."

"व्हय. ते बी खरं हाय."

ती खरं तेच बोलत होती आणि म्हणूनच मला त्रास होत होता. कुणी ठामपणे सांगितलं असतं की त्या बैठकीमुळं तुझा पोरगा गेला, तर मी उठून शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, मोकळा झालो असतो. कुणी सांगितलं असतं की काही संबंध नाही, तर दिवस परत मिळाला असता. दोन्हीपैकी काहीच कुणी सांगू शकत नाही. गोपाळकृष्ण नाही, पेपर नाही, तो खासदारही नाही. त्याला ती बैठक आठवतसुद्धा नसेल. त्याला फेटे आठवत असतील. आणि ती समिती तरी नेमली होती कशाला? पैसा कुणी खाऊ नये, नीट जावा, यावर नजर ठेवायला. ती राखण चांगलीच झाली म्हणायची. पैसा कुणी खाल्ला नाही. तो होता तिथं परत गेला.

चारच्या सुमाराला खाली जीप थांबली. आकाराम आणि ज्योतिबा जिना चढून आले. ज्योतिबा आमच्या भावकीतला, आता सरपंच आहे. शिवांजली शाळेत होती. मीच दार उघडलं. दोघं पाया पडले. आकारामच्या हातात पेढ्याचा पुडा आणि एक पिशवी.

"तात्या, तब्येत काय म्हणती? सातारचं पानी मानवलं जणू. गाल वर आलं."

"दात गेल्यावर गाल आत जात्यात रं, वर न्हाईत येत. बस."

ज्योतिबा हसला. बसले. भिंतीवरच्या शिवतेजच्या फोटोकडं बघून दोघांनी हात जोडले. मग आकारामनं विषय काढला. येत्या चैत्रात मैदान शिवतेजच्या नावानं भरवायचं. शहीद शिवतेज स्मृती मैदान. कमान त्याच्या नावाची, चांदीची गदा त्याच्या नावाची, मोठमोठे पैलवान बोलवायचे. गावानं एकमतानं ठरवलं. "एका बैठकीत ठरलं तात्या, एक मानूस इरोधात न्हाई."

"कोरम होता का?"

"आँ?"

"काय न्हाई. फुडं बोल."

"मानाची कुस्ती साहेबांच्या हातनं लावायची. त्याच साहेबांच्या. शिवतेजची लावली त्यांनीच, म्हंजी बघा कसा योग. आता ते निवडणुकीत पडल्यालं हायत खरं, पन फुडच्या टायमाला येत्यात म्हनं. फकस्त एकच म्हननं हाय. नारळ तुमी द्यायचा. शहिदाच्या बापानं दिल्याला नारळ त्यो मानूस डोक्यावर घेईल." आणि त्यानं पिशवीतनं नारळ काढला. सोललेला, शेंडी राखलेली, हळदीकुंकू लावलेला. माझ्या मांडीवर ठेवला. "जीप खालीच हाय. आत्ता निघू, राती सांगलीत मुक्काम, सकाळी बंगल्यावर."

नारळ जड होता, पाणी भरपूर असलेला. मी तो हलवून बघितला, सवयीनं. मग मी त्यांना सांगितलं. पेपर, उपग्रह, मार्चअखेर, तो एक कमी पडलेला माणूस. माइकवरचे शब्द. सुभेदार काय म्हणाले ते. मला नीट मांडता आलं नसेल, पण सांगितलं. ज्योतिबा मान खाली घालून ऐकत होता. आकाराम खिडकीतून खाली जीपकडं बघत होता.

"तात्या," ज्योतिबा म्हणाला, "तसं बघाय गेलं तर मग गावच दोषी म्हनायचं."

"मी कुनाला म्हनत न्हाई."

"नारळ आमी दिल्याला," आकाराम म्हणाला. आवाज थोडा चढला होता. "आमाला काय ठावं, दिल्लीत काय हाय? त्येंनी सांगायचं हुतं, येत न्हाई म्हनून."

"सांगितलं असतं तर तू काय म्हनला असतास?"

आकारामनं पेढ्याचा पुडा खाली ठेवला. मग हसला. तो काही वाईट माणूस नाही. शिवतेजची पेटी खांद्यावरून आणली तेव्हा याच्या खांद्याला सोल पडली होती. "नाव काढलं असतं त्याचं दोन पिढ्या," तो म्हणाला. "खरं तेच सांगतो."

"आनि यंदा? त्या दिशी दिल्लीत मीटिंग असली तर?"

"आवं, आता कुठली मीटिंग? पडल्यात ते. आनि असली तरी तुमी नारळ दिल्यावर साहेब येनार म्हंजी येनार!"

"व्हय," मी म्हणालो. "येनार. त्येच की."

मी उठलो, नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली बसलो आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन नारळावर घाव घातला. पहिल्या घावाला फुटला नाही. दुसऱ्याला फुटला, पाणी फरशीवर सांडलं, कुंकू त्यात पसरलं. फोडलेला नारळ निमंत्रणाचा राहत नाही, प्रसादाचा होतो. हे त्या दोघांना माझ्याइतकंच माहीत होतं. सुरीनं खोबरं काढलं, ताटलीत घातलं, बाहेर नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं. शिवतेजच्या फोटोपुढं एक तुकडा ठेवला.

खालून रिक्षावाला कुणालातरी शिव्या देत गेला. मग ज्योतिबानं एक तुकडा उचलला, कपाळाला लावला. आकारामनंही उचलला. प्रसाद नाही म्हणता येत नाही. तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, "ग्वाड निघालं तात्या." आणि जिन्याकडं जाताना ज्योतिबाला हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्या, म्हणाला, "दुसरा घिऊ. रहिमतपुरात मिळंल चांगला."

जीप गेली. मी फरशी पुसली. चिकट झाली होती, दोनदा पुसली तरी पायाला लागत होती. मैदान भरेल. कमान लागेल, तिच्यावर माझ्या पोराचं नाव असेल, आणि ते मला बोट न ठेवता वाचता येईल, एवढं मोठं. साहेब येतील, चपला काढून मातीत उतरतील.

संध्याकाळचं ऊन फोटोवरून सरकलं. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि पुन्हा त्या दिवसात गेलो, रोजच्यासारखा. हलगी वाजते. तीन गाड्या धुरळा उडवत येतात. मी यावेळी वाटेवर आडवा उभा राहतो, पहिल्या गाडीच्या काचेवर काठी मारतो आणि म्हणतो, साहेब, माघारी फिरा. दिल्लीला जावा. आमी नारळ परत घेतला, कुनी नाव काढनार न्हाई. आणि ते जातात. धुरळा खाली बसतो. मी मागं वळून बघतो तर मैदानात शिवतेज उभा आहे, लांग कसलेला, अंगाला माती. समोर गुंडा. दोघांचे हात मोकळे लोंबताहेत. हलगीवाला थांबलाय. हात धरून कुस्ती लावणारं कुणी नाही. लोक एक एक करून उठतात, झाडाखाली जातात, तंबाखू काढतात. शिवतेज गर्दीत मला शोधतो. मी काठी वर करतो. त्याला दिसतो मी, पण तो हसत नाही, नुसता बघतो, आता काय म्हणून.

मी त्याला म्हणतो, थांब रं. अर्ध्या तासानं भरतंय परत, ह्याच जागी.

शिवांजली आली, तिनं दिवा लावला, विचारलं, आबा, अंधारात का बसलाय? मी म्हटलं, थांब जरा. अजून अर्धा तास झाला न्हाई.